पोलिश घरातली विगिल्या: २४ डिसेंबरच्या संध्याकाळची तयारी, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पोलंडमधला नाताळ खऱ्या अर्थाने होतो तो २४ डिसेंबरच्या संध्याकाळी. त्या दिवसाला आणि त्या जेवणालाही ‘विगिल्या’ म्हणतात. २५ आणि २६ तारखेलाही सुट्टी असते, चर्चला जाणं असतं, मटण-मांसाची जेवणं असतात. पण माणसं लांबून घरी येतात ती २४च्या संध्याकाळसाठी. पोलिश घरात लग्न होऊन गेलेल्यांचा किंवा व्रोत्सवाफ, क्राकूफ, वॉर्साला नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्यांचा पहिल्या वर्षी हमखास गोंधळ होतो, कारण सगळी तयारी २४ला सकाळी करायला घेतात. या जेवणातला मुख्य रस आंबायला आठवडा घेतो, मशरूम रात्रभर भिजतात, खारवलेला मासा दोन दिवस तेलात मुरतो. त्यामुळे जेवायला बसायची वेळ आधी ठरवायची आणि तिथून उलटं मोजत यायचं.

आधी वेळ आणि बाजार

आकाशात पहिली चांदणी दिसली की टेबलावर बसायचं, अशी रीत. डिसेंबरात वॉर्साला सूर्य साडेतीनच्या आतच मावळतो, म्हणजे चारच्या सुमाराला अंधार. प्रत्यक्षात बहुतेक घरांत चार ते सहाच्या मध्ये जेवण सुरू होतं. ढग असतील तर कोणी चांदणीची वाट बघत बसत नाही, पण लहान मुलांना खिडकीशी उभं करण्याची पद्धत अजून आहे.

२०२५ पासून २४ डिसेंबर ही कायद्याने सुट्टी झाली आहे. जुन्या लेखांत ‘२४ला दुपारपर्यंत दुकानं उघडी असतात’ असं वाचलं असेल तर ते विसरा. २४, २५, २६ असे तीन दिवस मोठी दुकानं बंद. दूध, पाव, पीठ, कांदे, सगळं २३पर्यंत घरात हवं. नाताळाआधीचे तीन रविवार मात्र दुकानं उघडी असतात, इतर बहुतेक रविवारी नसतात. जड सामान तेव्हाच आणून टाकावं. २४च्या संध्याकाळी ट्राम-बसही फार कमी धावतात. कोणाकडे जेवायला जाणार असाल तर रात्री परत कसं यायचं हे आधी बघून ठेवा.

सात दिवस आधी: बीटचा झाक्फास

लाल बार्श्च, म्हणजे बीटचं आंबट, पातळ, काचेसारखं नितळ सूप, बऱ्याच घरांत पहिला पदार्थ असतो. त्याची चव झाक्फासवर, म्हणजे बीटच्या आंबवलेल्या रसावर उभी आहे. लिंबू किंवा व्हिनेगर घालून आंबटपणा येतो, पण खोली येत नाही. दुकानात बाटलीत तयार झाक्फास मिळतो आणि अडचणीला तो चालतो. तरी घरी लावणं इतकं सोपं आहे की विकत आणायचं कारण नाही.

आठ माणसांसाठी एक किलो बीट घ्या. सालं काढून अर्धा सेंटीमीटर जाडीच्या चकत्या करा. काचेच्या मोठ्या बरणीत चकत्या, सोलून ठेचलेल्या पाच लसूणपाकळ्या, दोन तमालपत्रं आणि कबाबचिनीसारखे दिसणारे ऑलस्पाइसचे चार दाणे घाला. दीड लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात दीड मोठा चमचा मीठ विरघळवा. लोणच्यांसाठी आयोडीन नसलेलं मीठ वेगळं मिळतं, ते वापरा. पाणी बरणीत ओता. चकत्या पूर्ण बुडायला हव्यात. वर येत असतील तर छोटी बशी किंवा पाण्याने भरलेली छोटी बाटली ठेवून दाबा. तोंडाला मलमलीचं फडकं बांधा. झाकण घट्ट लावू नका, वायू बाहेर पडायला वाट हवी.

बरणी स्वयंपाकघरात साध्या तापमानाला ठेवा आणि रोज एकदा स्वच्छ चमच्याने ढवळा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर फेस येईल, तो काढून टाका. पाचव्या दिवशी चाखा. रस गडद, किंचित दाट आणि स्वच्छ आंबट लागला की झाला. घर थंड असेल तर सात दिवस लागतात. मग गाळून बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, दोन आठवडे सहज टिकतो.

बिघडतं ते तीन ठिकाणी. पाणी फार गरम ओतलं तर आंबवणारे जिवाणूच मरतात आणि तीन दिवसांनीही बरणीत काही हालचाल दिसत नाही. चकत्या पाण्याबाहेर राहिल्या तर त्यांच्यावर बुरशी धरते. काही घरांत आंबणं लवकर सुरू व्हावं म्हणून राय पावाचा कडक तुकडा घालतात. तो तरंगतो आणि बहुतेक वेळा बुरशीची सुरुवात तिथूनच होते. पहिल्या खेपेला पाव घालूच नये. वर पातळ, सपाट, पांढरा पापुद्रा आला तर तो काढून टाकता येतो. केसाळ, हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर मात्र वरचं काढून खालचं वापरायचा मोह नको; सगळं ओतून द्या. म्हणूनच १६ डिसेंबरच्या आसपास लावलेला बरा, बिघडला तर दुसरा घाणा घालायला वेळ राहतो.

बार्श्च २४ला कसा जमवायचा

२३ला रात्री भाज्यांचं पाणी करून ठेवा. बाजारात ‘व्वोश्चिझ्ना’ नावाने गाजर, पार्स्लीचं मूळ, सेलरीच्या कंदाचा तुकडा आणि लीक अशी जुडी एकत्र बांधून मिळते. ती घ्या, आचेवर करपवलेला एक कांदा, एक किलो बीटच्या चकत्या आणि रात्रभर भिजवलेली ३० ग्रॅम सुकी मशरूम त्यांच्या पाण्यासकट घाला. मशरूमचं पाणी फडक्यातून गाळूनच घाला, तळाशी वाळू बसलेली असते. दोन लिटर पाण्यात मंद आचेवर तासभर शिजवून गाळा.

२४ला हे पाणी गरम करा, आच कमी करा आणि मग झाक्फास ओता. अर्ध्या लिटरने सुरुवात करून चाखत वाढवा. यानंतर उकळी येता कामा नये. उकळलं की माणकासारखा लाल रंग जाऊन विटकरी-तपकिरी होतो, आणि हे अगदी दोन मिनिटांत होतं, पाहुणे दाराशी आलेले असताना. रंग गेलाच तर थोडा राखून ठेवलेला कच्चा झाक्फास आणि चमचाभर लिंबाचा रस घाला. बराचसा परत येतो. त्यासाठी कपभर झाक्फास नेहमी बाजूला ठेवावा. शेवटी मीठ, मिरपूड, चिमूटभर साखर, चोळून टाकलेला माजोरम (एक सुगंधी पाला) आणि एक ठेचलेली लसूणपाकळी.

उश्का

बार्श्चमध्ये सोडायच्या या बोटाच्या पेराएवढ्या करंज्या. आत फक्त मशरूम. वेळखाऊ काम आहे, म्हणून २०-२१ तारखेला दोघांनी बसून करून फ्रीझरमध्ये ठेवायच्या.

सारणासाठी ५० ग्रॅम सुकी मशरूम रात्रभर भिजवून त्याच पाण्यात अर्धा-पाऊण तास शिजवा. बोरोविक उत्तम; ती महाग वाटली तर पोदग्झिबेक घ्या, चवीत फारसं उणं नाही. घट्ट पिळा, अगदी बारीक चिरा, लोण्यावर सोनेरी केलेल्या एका कांद्यात परता. मीठ-मिरपूड सढळ हाताने. सारण हातात घेऊन दाबल्यावर पाणी सुटत असेल तर चमचाभर पावाचा चुरा घाला. शिजवताना उश्का फुटतात त्या जवळजवळ नेहमी ओल्या सारणामुळे.

पारीसाठी २५० ग्रॅम गव्हाचं पांढरं पीठ, चिमूटभर मीठ, एक मोठा चमचा तेल आणि साधारण १२० मिली चांगलं गरम पाणी. चमच्याने कालवून मग हाताने मऊ मळा, भांडं उपडं झाकून अर्धा तास ठेवा. गरम पाण्याने पीठ लवचीक होतं आणि लाटताना आक्रसत नाही. थोडं थोडं घेऊन एक-दीड मिलीमीटर पातळ लाटा, उरलेलं झाकलेलंच ठेवा. चार सेंटीमीटरचे चौकोन कापा, मध्ये अर्धा छोटा चमचा सारण, त्रिकोणी घडी, कडा दाबा, मग त्रिकोणाची दोन लांब टोकं बोटाभोवती आणून एकमेकांवर चिकटवा. कडेला कोरडं पीठ लागलं असेल तर ती चिकटणार नाही. ओल्या बोटाने पुसून घ्या. एवढ्या पिठात साधारण ५० होतात, माणशी सहा धरा. पीठ भुरभुरलेल्या ताटात एकेक सुटी ठेवून कच्चीच गोठवा, कडक झाल्यावर पिशवीत भरा. २४ला न वितळवता उकळत्या खारट पाण्यात टाका आणि वर आल्यापासून तीन मिनिटांनी काढा. बार्श्चमध्ये शिजवू नका, सूप गढूळ होतं.

पीठ उरलं तर त्याचेच मोठे गोल कापून कोबी-मशरूमचे प्येरोगी, म्हणजे उकडलेल्या मोठ्या करंज्या होतात.

बारा पदार्थ कसे भरायचे

येशूच्या बारा शिष्यांसाठी, म्हणजे प्रेषितांसाठी, बारा पदार्थ, आणि प्रत्येकाने प्रत्येकाची निदान चव घ्यायची. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण बऱ्याच घरांत पाव, फळांचं पेय आणि विकतचा केक हेही मोजतात. पहिल्या वर्षी पाच-सहा पदार्थ मनापासून करा, बाकीचे विकत आणा. पारंपरिक नियम एकच: या जेवणात मांस नाही. पोलंडच्या बिशपांनी ही सक्ती कधीच उठवली, तरी बहुतेक घरं आजही ती पाळतात. बिगोस, म्हणजे आंबट कोबी आणि डुकराच्या मांसाचा रस्सा, २५लाच टेबलावर येतो.

कार्प हा रोहू-कटल्याच्या कुळातला गोड्या पाण्यातला मासा. व्रोत्सवाफजवळच्या मिलिचची आणि क्राकूफच्या पश्चिमेकडच्या झातोरची तळी त्यासाठी नावाजलेली आहेत. चिखलाचा वास जावा म्हणून तुकड्यांना मीठ लावून कांद्याच्या आणि लिंबाच्या चकत्यांमध्ये रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात. दुसऱ्या दिवशी पुसून, पिठात घोळवून, तेल-लोण्यावर तळायचा. याचे बारीक, दोन फाट्यांचे काटे घशात अडकतात. मासेवाल्याला काप द्यायला सांगा: तीन-चार मिलीमीटरवर आडवे छेद दिले की काटे तुटून तळताना मऊ होतात. लहान मुलांना तरी दुसरा मासा द्यावा. कार्पचा एक खवला धुऊन पाकिटात ठेवतात, वर्षभर पैसा टिकावा म्हणून.

हेरिंग, म्हणजे श्लेच, खारवलेला मिळतो. अर्धा किलो गार पाण्यात भिजवा, पाणी दोनदा बदला आणि दोन तासांनी एक कोपरा चाखा. खारटपणा ब्रँडनुसार खूप बदलतो. मग कोरडा करून कांदा, तमालपत्र, ऑलस्पाइस आणि तेलात दोन दिवस.

आंबवलेल्या कोबीत पिवळे वाटाणे घालून भाजी करतात. वाटाणे वेगळे पूर्ण शिजवून मगच कोबीत मिसळा. आंबटात घातलेला वाटाणा तासन्‌तास टणकच राहतो. कोबी घेताना लेबलवर ‘कापुस्ता किशोना’ लिहिलंय आणि घटकांत व्हिनेगर नाही, एवढं बघा.

पूर्वेकडच्या मुळांच्या घरांत कूत्या असते: खिरीसाठी लागतो तसा कांडलेला गहू, खसखस, मध, अक्रोड, बेदाणे. गहू रात्रभर भिजवून दोन तास तरी शिजवावा लागतो. पोलिश खसखस निळसर-राखाडी असते. ती गरम दुधात किंवा पाण्यात भिजवून दोन-तीनदा बारीक वाटल्याशिवाय कडवट आणि रवाळ लागते. डब्यातलं तयार खसखशीचं सारण वापरायला हरकत नाही, फक्त त्यात साखर भरपूर असते, तेव्हा मध कमी घाला.

सुक्या फळांचा कोंपोत मात्र चुकवू नये, जड जेवण त्यानेच पचतं. ३५० ग्रॅम सुकी सफरचंदं, नासपती आणि आलुबुखार दोन लिटर पाण्यात, दालचिनी आणि तीन लवंगा घालून अर्धा तास मंद उकळायचा. यातले काही आलुबुखार धुरावर सुकवलेले असतात. ते मूठभरच घ्या, नाहीतर पेयाला नुसता धुराचा वास येतो. आदल्या दिवशी केलेला जास्त चांगला लागतो.

टेबल

पांढरा चादरा, त्याखाली मूठभर वाळलेलं गवत. ख्रिस्तजन्म गोठ्यात झाला, त्याची ही खूण. डिसेंबरात चर्चबाहेर आणि बाजारात गवताची छोटी पुडी मिळते. टेबलाच्या मध्यभागी पातळ पसरा, ताटं-पेले ठेवायच्या जागी नको, पेले कलंडतात. एक ताट जास्तीचं मांडायचं, काटा-चमचा-पेल्यासकट, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. ते कोपऱ्यात नको, सगळ्यांच्या बरोबरीने असावं. टेबलावरच्या माणसांची संख्या सम असावी, असाही समज आहे, आणि आज्या तो गांभीर्याने घेतात.

ओप्वातेक: हे नीट शिकून घ्या

एखादा पदार्थ राहिला तरी विगिल्या होते, ओप्वातेकशिवाय होत नाही. पीठ आणि पाण्याची कागदासारखी पातळ, ख्रिस्तजन्माचं चित्र उमटवलेली चौकोनी पापडी. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, चर्चमध्ये, दुकानांत मिळते. चर्चमधल्या प्रसादासारखी ती पवित्र केलेली नसते, म्हणून कोणत्याही धर्माच्या माणसाने वाटून घ्यायला काहीच अडचण नाही.

क्रम असा. सगळे उभे राहतात. घरातला मोठा किंवा सगळ्यात लहान वाचता येणारा माणूस लूकच्या शुभवर्तमानातला जन्माचा उतारा वाचतो. मग प्रत्येकाच्या हातात एक पापडी. तुम्ही एकाजवळ जाता, आपली पापडी पुढे करता. तो तिचा कणभर तुकडा मोडतो, तुम्ही त्याच्या पापडीचा मोडता, दोघं खाता, एकमेकांना शुभेच्छा देता, गालाला गाल लावता किंवा नुसता हात मिळवता. मग पुढचा माणूस. प्रत्येकाने प्रत्येकाशी. तुकडा मोहरीच्या चार दाण्यांएवढाच मोडा, नवखी माणसं पहिल्यालाच अर्धी पापडी देऊन बसतात.

आठ माणसं म्हणजे २८ जोड्या, पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. बार्श्च त्याआधी वाढू नका.

शुभेच्छा साचेबंद नसाव्यात, हीच यातली खरी गोष्ट. ज्याची परीक्षा आहे त्याला परीक्षेचं, जो आजारी होता त्याला तब्येतीचं, आणि वर्षभर ज्याच्याशी धुसफुस झाली त्याच्याशीही हा तुकडा मोडायचा असतो. ‘जशी विगिल्या तसं वर्ष’ असं म्हणतात, त्यामुळे त्या दिवशी भांडण टाळतात. भाषा येत नसेल तर प्रत्येकासाठी एक वाक्य आधी पाठ करा. अगदीच अडलं तर ‘झ्द्रोव्या, श्चेंश्चा, पोमिश्ल्नोश्ची’, म्हणजे आरोग्य, सुख, भरभराट. आणि समोरच्याने दिलेल्या शुभेच्छांना ‘व्झायेम्न्ये’, तुम्हालाही तसंच. घरात कोणी अदाम किंवा एवा असेल तर त्यांचा नामदिवसही, म्हणजे त्या नावाचा वाढदिवसासारखा साजरा होणारा दिवसही, २४लाच असतो. त्यांना वेगळ्या शुभेच्छा द्या, त्या बहुतेक वेळा नाताळात विसरल्या जातात.

पाहुणे म्हणून जाणार असाल तर

दुपारी पोटभर जेवू नका. चांगले कपडे, घरात घालायच्या सपाता पिशवीत. फुलं नेली तर विषम संख्येने, सम संख्या अंत्यविधीला. शेवंती तर नकोच, ती कबरींवर वाहतात. दारू नेण्याआधी विचारा, पुष्कळ घरांत या जेवणाला ती नसते. वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारू नका, पुरुषांना ‘पान’, बायकांना ‘पानी’ म्हणा, त्यांनी स्वतः सांगेपर्यंत. जेवण चालू असताना टेबलावरून उठू नये, पहिल्यांदा उठणाऱ्याचं वाईट होतं असा समज आहे. फोन कोटातच राहू द्या.

शाकाहारी असाल तर तुमच्यासाठी वर्षातलं हे सगळ्यात सोपं पोलिश जेवण आहे, एका अटीवर. ‘मी मांस खात नाही’ एवढंच सांगितलं तर मासा वाढला जाईल, कारण इथे मासा मांसात धरत नाहीत. आठवडाभर आधी स्पष्ट कळवा: ‘न्ये येम म्येंसा आनी रिब’, मांसही नाही, मासेही नाहीत. अंडं नको असेल तर पुढे ‘आनी यायेक’. मग बार्श्च-उश्का, प्येरोगी, कोबी-वाटाणा, कूत्या, कोंपोत, सगळं खुलं. जिलेटिनमध्ये गोठवलेले पदार्थ मात्र विचारून घ्या. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर गोड पदार्थ आणि कोंपोतवरच भागवावं लागेल. घरून एक डबा न्यायला यजमानांना आधी विचारलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही.

गप्पांसाठी एक धागा आपल्याकडेच आहे. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यात बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. एखाद्या घरात आजी-पणजीच्या आठवणीतून हे नाव निघतं आणि मग रात्र पुरत नाही.

जेवणानंतर

भेटी झाडाखाली असतात आणि साधारणपणे जेवण झाल्यावर उघडतात. त्या कोण आणतं हे प्रदेशावर आहे: पोझनानकडे ग्व्याझ्दोर, क्राकूफकडे देवदूत, सिलेशियात बाळ येशू, वॉर्साकडे संत मिकोवाय. मुलांसमोर दुसऱ्या प्रदेशाचं नाव घेऊ नका, आधी आईवडिलांना विचारा. मग कोलेंदी, नाताळची गाणी, आणि मध्यरात्री पास्तेर्का ही प्रार्थना. तिला सगळेच जातात असं नाही. जायचं असेल तर अर्धा तास आधी पोचा आणि जाड बूट घाला, जुनी दगडी चर्च आतूनही गार असतात.

निघताना यजमानीण उरलेलं डब्यात भरून देते. ते घ्यावं. डबा धुऊन परत करायचा, आणि आपल्याकडचं काहीतरी त्यात घालून दिलं तर फार आवडतं.

२५ला न बोलावता कोणाकडे जाऊ नये, तो घरच्यांचा दिवस. भेटीगाठी २६ला. ६ जानेवारीला पवित्र केलेल्या खडूने दारावर बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांची आद्याक्षरं आणि वर्षाचा आकडा लिहितात. भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूने लिहिलेलं दिसलं तर ते पुसू नका. झाड बऱ्याच घरांत २ फेब्रुवारीपर्यंत ठेवतात. खरं झाड असेल तर रेडिएटरपासून दूर आणि बुंध्याशी रोज पाणी, नाहीतर जानेवारीच्या मध्यालाच सगळ्या सुया जमिनीवर येतात.